जंतू, भिक्षापात्र आणि कलम

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, या निकषावर देशाने 2005 च्या अखेरीस निर्मूलन जाहीर केले. तरी इथे नवे रुग्ण सापडतातच. रुग्णाला दूर ठेवण्याचे खापर आपण नेहमी अडाणीपणावर आणि धर्मसमजुतींवर फोडतो. हे निदान अर्धेच आहे. उरलेला अर्धा दोष शास्त्राचा आणि कायद्याचा आहे.

जुन्या वैद्यकात दोन विचार शेजारी नांदत होते. सुश्रुताने कुष्ठाला पापकर्माचे फळ म्हटले. त्याच अध्यायात स्पर्श, सहभोजन, एका शय्येवर निजणे यांतून पसरणाऱ्या रोगांतही त्याला बसवले. शिवाय तिथले ‘कुष्ठ’ म्हणजे अठरा त्वचाविकारांचे कूळ. आजचा कुष्ठरोग त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. नाव मात्र टिकले, आणि नावाबरोबर पापाचा वासही.

1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेनने या रोगाचा जंतू दाखवला. आता पापाची जागा जंतू घेईल, असे वाटायला हवे होते. झाले वेगळेच. 1890-91 मध्ये हिंदुस्थानात फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाला संसर्गाचा धोका अल्प वाटला आणि सक्तीचे विलगीकरण अनावश्यक ठरले. पण 1897 च्या बर्लिन परिषदेने विलगीकरणाचा पुरस्कार केला, आणि 1898 मध्ये इथे कायदा आला. तो वॉरंटविना पकडू पाहत होता तो ‘निर्धन’ रुग्णाला: उघड्यावर भीक मागणाऱ्याला, निर्वाहाचे साधन नसलेल्याला. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही. कायदा पाहत होता. संसर्गाचे नाव पुढे करून रस्त्यावरची गरिबी नजरेआड करायची होती, असाच त्याचा अर्थ निघतो.

स्वातंत्र्यानंतरही ही जोडी सुटली नाही. भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, 1959 मध्ये, भीक प्रतिबंधक कायदा झाला. त्यात कुष्ठरुग्ण आणि मनोरुग्ण यांच्या तपासणीची व स्थानबद्धतेची तरतूद एकाच कलमात घातली गेली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही घटस्फोटाची कारणे म्हणून मनोविकार आणि कुष्ठरोग शेजारशेजारच्या उपकलमांत बसले. एक आजार त्वचेचा व मज्जातंतूंचा, दुसरा मनाचा. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांत साम्य नाही. साम्य एवढेच, की दोघांनाही घरातून काढणे सोपे होते.

या इतिहासात आपले साहित्यही निर्दोष नाही. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही विदर्भाची मोठी कामे. त्यांवरचे मराठी लेखन मात्र बहुतांशी सेवा करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे. त्यात रुग्ण येतो तो दुसऱ्याच्या त्यागाचे मोजमाप म्हणून. वरोऱ्याच्या संस्थेच्या नावातला ‘महारोगी’ हा शब्द करुणेने वापरला गेला, यात शंका नाही. पण करुणेनेही माणसाची ओळख रोगावरूनच करून दिली.

1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि पुढे सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला. तरी 1898 चा कायदा 2016 पर्यंत केंद्राच्या पुस्तकात राहिला, आणि घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग वगळायला 2019 उजाडले. औषध आले, आणि कलम जायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. शेजारचे मनोविकाराचे उपकलम तर आजही जागेवर आहे. एका रोगाचा कलंक पुसताना शेजाऱ्याचा तसाच ठेवला, तर आपण रोग तेवढा बरा केला, दृष्टी नाही.