खेळणाऱ्याचा ‘मी’ : आवडत्या व्हिडिओ खेळांविषयीच्या बोलण्याचा विचार

१

रसिकाचा उत्साह आणि समीक्षकाचा निर्णय यांत अंतर असते, हे आपल्या टीकाशास्त्राने पूर्वीच मान्य केले आहे. तथापि, पहिल्यावाचून दुसरा संभवत नाही, याचे विस्मरण आपणांस वारंवार होते. प्रस्तुत लेखकास ते दोन वर्षांपूर्वी झाले. चिमूर तालुक्यातून आलेल्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आस्वादप्रक्रियेवरील निबंधात आपल्या आवडत्या व्हिडिओ खेळांविषयी सहा पाने लिहिली होती. ‘विषय सोडून’ असा शेरा मारून आम्ही ती परत केली. त्याने निबंध पुन्हा लिहिला. या वेळी त्यात रस होते, स्थायीभाव होते, मान्यवरांची मते होती. विद्यार्थी मात्र नव्हता. प्रस्तुत टिपण हे त्या शेऱ्याचे पुनर्परीक्षण होय.

२

अशा उत्साहास वडीलधारी माणसे ‘नाद’ म्हणतात, आणि सौम्य शब्द हवा असेल तर ‘छंद’ म्हणतात. हे दोन्ही शब्द निंदेइतकेच कलेच्याही प्रांतातले आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : नाद संगीताचा, छंद काव्याचा. ‘खेळ’ या शब्दाचेही तसेच. आपण नाटकाचा खेळ लावतो, तमाशाचा खेळ पाहतो. चिमूरच्या पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात; तेथील एका जुन्या लोकनाट्यप्रकाराचे नावच ‘खडी गंमत’ असे आहे. क्रीडा आणि प्रयोग यांच्यामध्ये आपण जी भिंत मानतो, ती भाषेने फारशी मानलेली दिसत नाही.

मात्र नाटकाचा प्रेक्षक आणि खेळाचा खेळाडू यांच्या बोलण्यात एक भेद स्पष्ट आहे. मांडवातून पहाटे परतणारा प्रेक्षक ‘नायक मेला’ असे सांगतो. खेळाडू सांगतो, ‘मी मेलो’. पुरुष बदलला, तृतीयाचा प्रथम झाला.

३

या ‘मी’चे स्वरूप जुन्या खेळांपासून पाहता येते. कोनामी कंपनीचा ‘कॉन्ट्रा’ (१९८७) हा खेळ आपल्याकडे दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या यंत्रावर, ‘कॅसेट’ घालून, घरोघर खेळला गेला. त्यात प्रत्येकास तीन जीव मिळत. ते संपले तर जोडीदाराच्या जीवांतून एक घेता येई. परिणामी ‘माझे दोन जीव उरले’, ‘तुझा एक जीव दे’ अशी वाक्ये मुलांच्या तोंडी रुळली. एरव्हीच्या मराठीत एका बोलणाऱ्याचा जीव एकच असतो. प्राण पाच मानले, तरी ते एकेक करून खर्ची पडत नाहीत. ‘जीव देणे’ म्हणजे मरण पत्करणे. येथे ते उसनवारीचे झाले. शब्द तेच राहिले, पण त्यांच्यामागचा ‘मी’ आपल्या जीवांपासून वेगळा होऊन त्यांची मोजदाद करू लागला.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःस विसरत नाही, हा तिचा आशय. ‘मी मेलो, चल आता चहा घेऊ’ असे एका दमात म्हणणारा खेळाडू या कल्पनेचे चालतेबोलते उदाहरण नव्हे काय?

४

याहून निर्णायक पुरावा व्याकरणात आहे, आणि तो त्या परत केलेल्या सहा पानांत होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी संवाद मिळाले. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी आपसांत बोलतात आणि त्या बोलण्यातून कथा पुढे सरकते. आपल्या विद्यार्थ्याने लिहिले होते : ‘त्या कड्यावरून मी तीनदा पडलो’, आणि थोडे पुढे : ‘भावाला नेल्यावर ती एकटी पडली.’

क्रियापद एकच आहे. मराठीच्या भूतकाळात प्रथमपुरुषीही लिंग प्रकट होते. प्रमाण भाषेत स्त्री ‘पडले’ म्हणते, चिमूरकडे ‘पडली’. नायिका स्त्री असूनही हा मुलगा ‘मी पडलो’ असे लिहितो. म्हणजे कृती करणारा ‘मी’ हा त्याचा स्वतःचा आहे, राजीचा नाही. दुःखाच्या ठिकाणी मात्र तो तिला ‘ती’ म्हणून तिचे तिला परत देतो. कृतीत तादात्म्य आणि भावनेत अंतर, अशी ही विभागणी आहे. शिवाय खेळात देवतांचे निवेदन राजीला सतत ‘ती’ म्हणत असते, आणि खेळाडूचे हात तिला ‘मी’ करीत असतात. या दोन पुरुषांमधील ताण हेच या कृतीचे सौंदर्यस्थान होय, असे आमचे मत आहे.

विद्यार्थ्यास हे सांगता आले नव्हते. त्याचा अभिप्राय ‘ग्राफिक्स भारी’ एवढाच होता. परंतु जे त्याच्या विशेषणांना साधले नाही, ते त्याच्या क्रियापदांनी अचूक नोंदविले होते.

५

या खेळांपायी वेळ जातो, अभ्यास बुडतो, हा आक्षेप खोटा नाही. पण तो कादंबरीवरही घेतला गेला होता. तो नीतीचा प्रश्न आहे, आस्वादाचा नव्हे. उत्साह म्हणजे समीक्षा नव्हे, हेही खरे. ‘पब्जी’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आल्यावर पर्यायी खेळांकडे वळलेली मुले ‘ती मजा नाही’ एवढेच म्हणत. ती मजा कोणती, याचे उत्तर शोधावयास लागणे ही समीक्षेची पहिली पायरी होय. ती चढण्यास मदत करणे हे अध्यापकाचे काम. आम्ही त्या पायरीवरच शेरा मारला.

यास्तव एक सूचना करावीशी वाटते. आपला विभाग बोलींचे नमुने गोळा करतो. त्यांत खेळणाऱ्यांचे बोलणेही, त्यांच्या गावच्या उच्चारांसह, नोंदविले जावे. आणि आस्वादावर लिहावयास सांगताना विद्यार्थ्यास प्रथम त्याने खरोखर आस्वादिलेल्या वस्तूविषयी लिहू द्यावे. मीमांसकांची मते त्यानंतर यावीत. ज्याच्यावर जीव जडला त्याविषयी आपल्या भाषेत बोलता येत नाही, अशा विद्यार्थ्यास आपण साहित्यशास्त्राची पदवी देत असू, तर उणीव त्याच्यापाशी नाही.

ती सहा पाने आम्ही त्याच्याकडून पुन्हा मागून घेतली आहेत.