जीवांचे पुनर्वसन : सोपा वाटणारा उपाय

हवामान बदलते आहे, तेव्हा दुर्मीळ प्राणी-वनस्पती उचलून अनुकूल ठिकाणी नेऊन सोडाव्यात, असा उपाय सुचवला जातो. तो कितपत पुरेसा आहे, हे पनवेलजवळच्या कर्नाळ्यावर तपासून पाहू.

उंचीबरोबर हवा साधारणपणे दर १०० मीटरला ०.६ अंश सेल्सिअसने थंड होते. केवळ तापमानाचा विचार केला, तर २ अंश वाढीनंतर पूर्वीचाच गारवा मिळण्यासाठी सुमारे ३३० मीटर वर जावे लागेल. कर्नाळा किल्ला समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आत आहे. २०० मीटरवर राहणाऱ्या जीवाला ५३० मीटर उंची हवी. तिथे डोंगरच संपलेला! माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे, पण वाटेत द्रुतगती मार्ग, रेल्वे, कारखाने आणि वस्ती. पक्षी उडून जाईल; बेडकाने, गोगलगाईने काय करावे?

म्हणून माणसाने हात द्यावा, या म्हणण्यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या दलदली पाऊस घटल्याने लवकर आटू लागल्या. तेव्हा २०१६ मध्ये तिथल्या अतिदुर्मीळ कासवाची पिल्ले दूर दक्षिणेला, अधिक थंड व ओल्या भागात प्रयोग म्हणून सोडण्यात आली.

मात्र जीव एकटा जगत नाही. उंबर दुर्मीळ नाही, पण उदाहरण म्हणून घेऊ. त्याचे रोप कुठेही नेता येईल; परंतु परागण करणारे उंबरातले चिमुकले कीटक सोबत गेले नाहीत, तर झाड वाढेल, बी धरणार नाही. उलट, पाहुणा यजमानाला भारीही पडतो. शोभेसाठी परदेशातून आणलेली घाणेरी आपल्या रानांत कशी माजली, हे आपण पाहतोच.

खरा आक्षेप याहून मोठा आहे. ‘हलवता येते’ म्हटले की मूळ जागा राखण्याची निकड ओसरते. पनवेल तालुक्याला ‘पुनर्वसन’ हा शब्द नवा नाही. विमानतळासाठी इथली गावे हलली. घर नवे मिळाले, तरी खाडी, शेत आणि शेजार सोबत नेता येत नाही. जीवांचेही तसेच.

तेव्हा स्थलांतर हा शेवटचा उपाय ठरावा. आधी ओढ्याकाठची झाडी सलग राखणे आणि रस्त्यांखालून प्राण्यांना वाट ठेवणे, ही कामे व्हायला हवीत.

शिक्षकांनी वर्गात आपल्या भागाचा समोच्च रेषांचा नकाशा घ्यावा. जवळच्या डोंगरावर २ अंश वाढीनंतर किती जागा उरते आणि पुढच्या उंच डोंगराकडे जाणारी वाट कुठे तुटते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.