कच्चे, पिकलेले आणि ‘कन्कॉक्टेड’

हिपॉक्रॅटीसच्या नांवावरील ग्रीक वैद्यकग्रंथांचें फ्रान्सिस ॲडम्स यांनीं १८४९ सालीं प्रसिद्ध केलेलें इंग्रजी भाषांतर विद्वत्तेच्या दृष्टीनें आदरणीय खरें. परंतु मूळ वैद्य जेथें स्वयंपाकघरांतील भाषा बोलतो, तेथें भाषांतरकार लॅटिन वळणाच्या शब्दांचा आश्रय घेतात. शरीरांतील दोष पिकलेले असतील तेव्हांच रेचन द्यावें, कच्चे असतां देऊं नये, असें ‘ॲफोरिझम्स’ या सूत्रग्रंथांत सांगितलें आहे. ‘पेप्सिस’च्या धातूंत फळ पिकणें, अन्न शिजणें व पचणें हे तिन्ही अर्थ आहेत, आपला ‘पच्’ त्याचाच सगोत्र, आणि ‘गळूं पिकलें’ म्हणणारा मराठी वाचक येथें मुळींच अडखळणार नाहीं. ॲडम्स मात्र ‘कन्कॉक्टेड’ व ‘अनकन्कॉक्टेड’ लिहितात. त्या काळच्या वैद्यांस हा शब्द परिचित होता, हें मान्य. पण आजच्या इंग्रज वाचकास त्यानें आठवते ती रचलेली थाप! ‘राइप’ आणि ‘रॉ’ हे घरगुती शब्द हाताशीं असतां ही ओढाताण कशासाठीं? आणि नवल असें, कीं त्याच सूत्रांत क्षुब्ध झालेल्या दोषांविषयीं लिहितांना, ते बाहेर पडण्यासाठीं धडपडतात, असें अगदीं जिवंत इंग्रजी हेच ॲडम्स सहज लिहून जातात.