काचेतील रंग आणि काचेची शिस्त : क्लाउस मोये यांच्या कलाकृतींचे वाचन

१. प्रस्तावना

जुन्या चर्चच्या खिडक्यांतील रंगीत काचा तुम्ही पाहिल्या असतील. तिथे लाल आणि निळ्या तुकड्यांमध्ये शिशाची काळी रेघ असते. ती काढून टाकली आणि दोन्ही रंग एकमेकांना थेट भिडले, तर काय होईल? क्लाउस मोये (१९३६–२०१६) आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंजले.

हॅम्बुर्गमध्ये जन्मलेले मोये घरच्या कार्यशाळेत काच कापायला आणि घासायला शिकले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांनी कॅनबेरा स्कूल ऑफ आर्टमध्ये काचकलेचा विभाग उभा केला. त्यांचे काम पाहताना चित्रकलेची उपमा सहज सुचते. ती अपुरी आहे, असे या पाठाचे प्रतिपादन आहे.

२. माध्यमाची अट

फ्यूज्ड ग्लासमध्ये थंड काचेचे तुकडे मांडून ते भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला एकजीव केले जातात. खरी अडचण त्यानंतर येते. थंड होताना प्रत्येक काच आकसते, आणि रंगानुसार घटक बदलले की आकसण्याचे प्रमाणही बदलू शकते. दोन काचा जुळल्या नाहीत, तर वस्तू भट्टीतून अखंड निघते, पण आत ताण राहतो. ती कधी लगेच, तर कधी काही महिन्यांनी तडकते.

म्हणजे इथे रंगनिवड केवळ डोळ्यांची नसते. १९७९ मध्ये अमेरिकेतील पिलचक काचशाळेत शिकवत असताना मोये यांचा पोर्टलंडच्या बुल्सआय ग्लास कंपनीशी संबंध आला. एकमेकांशी जुळतील अशा काचांचा रंगसंच हवा, ही गरज त्यांनी तिथे मांडली. पुढे तसा संच तयार झाला आणि त्यांच्या रंगांना मोकळीक मिळाली.

३. कलाकृतीचे वाचन

मोये काचेच्या अरुंद पट्ट्या कापत, शेजारी शेजारी मांडून त्या वितळवून जोडत. तयार झालेला तक्ता पुन्हा कापून, वेगळ्या क्रमाने मांडून परत भट्टीत घालत. शेवटी तो साच्यावर तापवून वाडग्याचा आकार देत आणि पृष्ठभाग घासून काढत.

आता चित्राशी तुलना करा. चित्रात रंग पृष्ठभागावर बसतो. इथे तो काचेच्या जाडीतून आरपार जातो. चित्रकार चुकलेली रेघ झाकू शकतो. इथे रेघ म्हणजे दोन पट्ट्यांचा जोड, तो पुसता येत नाही. शिवाय वाडग्याच्या वळणावर सरळ रेघा वाकतात आणि काटेकोर भूमितीत एक हलकी लय येते.

म्हणूनच एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. ‘द पोर्टलंड पॅनल्स’ (२००७) या चार फलकांच्या कामात मोये भिंतीकडे वळले. आकार वाढला, रंगांचा विस्तार थक्क करणारा झाला. पण वाडग्याचे वळण गेले. सपाट फलकावर भूमिती अधिक निर्दोष दिसते आणि थोडी अधिक थंडही. तुम्हाला हे मत पटायलाच हवे असे नाही. मात्र नाकारताना कारण द्या.

४. शिकणाऱ्यासाठी

काच शिकताना पहिला मोह घाईचा असतो. अनुशीतन म्हणजे काच ठरावीक तापमानाला थांबवून मग सावकाश थंड करणे. बुल्सआय काचेसाठी हे तापमान सुमारे ४८२ अंश आहे. ६ मिमी जाडीला तिथे साधारण १ तास, तर १२ मिमीला २ तास थांबावे लागते.

दोन काचा जुळतात का, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. पारदर्शक पट्टीवर रंगीत तुकडा फ्यूज करा, नीट थंड होऊ द्या आणि एकमेकींना काटकोनात धरलेल्या दोन ध्रुवीकारक चकत्यांमधून पाहा. तुकड्याभोवती उजेडाचे वलय दिसले, तर आत ताण आहे. साध्या डोळ्यांना ती पट्टी निर्दोषच दिसेल. समीक्षकाचे कामही काहीसे असेच आहे : दिसणाऱ्या सौंदर्यामागे वस्तू कशामुळे टिकली आहे, हे तपासणे.

५. स्वाध्याय

(अ) ‘मोये हे काचेचे चित्रकार आहेत’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
(आ) तुमच्या भागातील एखादी हस्तकला निवडा. तिथे साहित्याची कोणती अट कारागिराची निवड ठरवते, ते १० ओळींत लिहा.