हुलकावणी

शाळेतल्या नाटकावरचे सिनेमे बहुतेक एकाच वाटेनं जातात. एक बुजरा मुलगा, एक तळमळीची शिक्षिका, बिघडत जाणाऱ्या तालमी, आणि शेवटी प्रयोगाच्या दिवशी मुलगा असा काही खुलतो की आपण डोळे पुसतो. अब्देलातीफ केशीशचा ‘लेस्कीव्ह’ (२००३) मी याच अपेक्षेनं लावला होता. या नावाचा अर्थच हुलकावणी.

पॅरिसला लागून असलेल्या सँ-दनीतली एक मोठी वसाहत. तिथली, बरीचशी स्थलांतरितांच्या घरांतली शाळकरी मुलं मारिव्होचं १७३० सालचं नाटक बसवतायत. नाटकात मालकीण आणि मोलकरीण कपड्यांची अदलाबदल करतात. तिकडे मालक आणि नोकरही तेच करतात. तरी प्रेम जुळतं ते मालकाचं मालकिणीशी आणि नोकराचं मोलकरणीशीच. लिदिया (सारा फॉरेस्तिए) मोलकरणीच्या भूमिकेसाठी शिंप्याशी घासाघीस करून झगा मिळवते आणि तो घालून वसाहतभर मिरवते. क्रिमो तिच्यावर फिदा. पण तोंडून शब्द फुटेल तर ना! मग तो राशिदला स्वतःच्या वस्तू देतो आणि त्याच्याकडून नोकराची, म्हणजे आर्लकँची भूमिकाच घेऊन टाकतो.

शिक्षिका वर्गात नाटक फार छान उलगडून सांगते. वेश बदलला तरी बोलण्यावरून माणूस उघडा पडतोच, आपण सगळे आपापल्या परिस्थितीचे कैदी आहोत, असं तिचं म्हणणं. पुढे क्रिमो मान खाली घालून एका सुरात संवाद म्हणतो, तेव्हा तीच बाई ओरडते की स्वतःच्या बाहेर ये, मजा घे! केशीश हा प्रसंग इतका ताणतो की बघणाऱ्याला बसवत नाही. तू कैदी आहेस हे सांगणारीच पळ म्हणतेय, आणि दार कुठंय ते तिलाही माहीत नाही. बाई वाईट नाही, जीव तोडून शिकवतेय. म्हणूनच ते जास्त लागतं.

नववीत आमच्या स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक होतं. सगळ्या पात्रांचे संवाद मला पाठ होते. पण मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायचो. बाईंनी दोनदा म्हणून घेतलं, मुलं हसली, आणि माझ्या हातात पडद्याची दोरी आली. पुढे नोकरीच्या मुलाखतीसाठी ‘ण’ घोटून घेतला. आता कॉलवर मी अगदी शुद्ध बोलतो. क्रिमोची तालीम मी दोनदा थांबवून पाहिली.

(मी इंग्रजी सबटायटल्सवर पाहिला. मुलांची शिवराळ, उलटसुलट बोली त्यात सपाट होते. म्हणजे सिनेमाचा अर्धा मुद्दाच गळतो.)

सगळंच जमलंय असं नाही. मुलींची भांडणं गोल गोल फिरतात, आणि कॅमेरा लिदियाच्या इतका प्रेमात आहे की क्रिमोचं घर, तुरुंगातला बाप हे ओझरतंच राहतं. पण पोलीस गाडी अडवतात तो प्रसंग विसरता येत नाही. तोवर नुसती बडबड करणारी ही मुलं एका क्षणात संशयित होतात. फ्रिदा, जी नाटकात मालकीण झालीय, तिच्याकडे झडतीत नाटकाचं पुस्तक निघतं. ते पुस्तक तिला वाचवत नाही. त्यानंतर कोण सुटलं, कुणाला मार बसला, काही न सांगता केशीश थेट प्रयोगावर उडी मारतो. झगमगते कपडे, टाळ्या, खूश पालक. हा कट मला सिनेमातला सगळ्यात निर्दय वाटला.

‘लेस्कीव्ह’ला २००५मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार मिळाला. सारा फॉरेस्तिए पुढे मोठी अभिनेत्री झाली. क्रिमो झालेल्या ओस्मान एलखराझनं पुढे पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःच्या बेघरपणाची हकिगत आहे. शिक्षिकेला विचारावासा वाटणारा प्रश्न त्यामुळे केशीशलाही विचारावा लागतो. मुलांना एकदा उजेडात आणलं, मग पुढे?

प्रयोग चालू असताना क्रिमो बाहेर, खिडकीच्या काचेला लागून उभा आहे. आतली वाक्यं त्याचीही होती. नंतर लिदिया त्याच्या इमारतीखाली येऊन हाका मारते. तो घरातच आहे, ऐकतोय, पण खाली येत नाही.