झाडूची शिक्षा आणि सरकारची जबाबदारी



आपण कवितेची समीक्षा करतो, नाटकाची करतो. सत्तेनं उभ्या केलेल्या दृश्याची मात्र करत नाही. दृश्य बघतो, चिडतो, निषेधाचं पत्रक काढतो नि विसरतो. तसलंच एक दृश्य आज तपासायला घेतलंय.

साल २०२३. नांदेडचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. सप्टेंबर सरून ऑक्टोबर लागताना इथं २४ तासांत २४ माणसं मेली. त्यात १२ नुकती जन्मलेली पोरं. दोन दिवसांचा आकडा ३१ वर गेला. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं पोचले. संडासातली घाण बघून भडकले आणि प्रभारी डीनच्या हातात झाडू देऊन त्यांना संडास साफ करायला लावला. कॅमेरे चालू होते. डीन आदिवासी समाजातले. पुढं खासदारांवर ॲट्रॉसिटीसह गुन्हा नोंदला गेला. एका मेलेल्या बाळंतिणीच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून डीनवरही सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. वर्तमानपत्रांचा मजकूर झाला. टीव्हीची रात्र निघाली.

आता हे दृश्य नीट वाचा. ३१ माणसं का मेली, हा प्रश्न होता. उत्तर काय आलं? संडास घाण आहे. बरं, संडास घाण का? सफाईची किती पदं मंजूर, किती भरलेली, ठेका कुणाचा? हे कुणी विचारलं नाही. समोर उभा असलेला एक माणूस पकडला, त्याच्या हातात झाडू दिला, आणि जबाबदारी निश्चित झाली!

झाडूच का? खासदार डीनला सांगू शकले असते, औषधाचं रजिस्टर आणा. बाळांच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळीला किती परिचारिका होत्या, ते दाखवा. पण त्यांना माणसाचा पाणउतारा करायचा होता. आणि या देशात माणसाचा पाणउतारा करायचा तर त्याला भंग्याचं काम सांगायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. ते दुधातूनच मिळतं. जी गोष्ट डीनला पाच मिनिटांची शिक्षा, तीच गोष्ट आपल्या रुखी, मेहतर, वाल्मीकी, मांग, महार बायाबापड्यांना पिढ्यान् पिढ्यांची भाकर आहे. त्यांच्या हातातला झाडू पाहून कुणाचं मन दुखावलं नाही. त्यांच्यासाठी टीव्हीवर चर्चा झाली नाही.

योगायोग बघा. त्याच ऑक्टोबरच्या १ तारखेला देशभर एक तासाचं श्रमदान झालं होतं. गांधीजयंतीच्या आदल्या दिवशी मंत्री, आमदार, अधिकारी हातात झाडू घेऊन फोटोला उभे राहिले. तो झाडू 'सेवा' होता. दोन दिवसांनी नांदेडात तोच झाडू 'शिक्षा' झाला. आणि त्या दोन्ही दिवशी पहाटे पाचला वॉर्ड झाडायला आलेल्या बाईच्या हातात तो काय होता? नशीब? लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणं सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. पोटासाठी आपल्याच माणसांना ती शिफारस हवी असते, हे खरंय. पण डीनच्या पोराला डीनची खुर्ची वारशात मिळत नाही, आणि झाडू मात्र मिळतो, हेही तितकंच खरंय.

डीनची बाजू घ्यायला मी लिहीत नाही. दवाखान्याचा प्रमुख म्हणून त्यांनी उत्तर द्यायलाच पाहिजे. पण डीनच्या हातात होतं काय? पदं तो भरत नाही, मंत्रालय भरतं. औषधं तो घेत नाही. २०१७ पासून राज्यातली सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडं दिली. वेळेवर खरेदी होईना, तेव्हा २०२३ मध्ये कायदा करून नवं खरेदी प्राधिकरण आणलं. पाटी बदलली. मधल्या काळात बाहेरून औषध आणायची चिठ्ठी कुणाच्या हातात पडली? जिच्याकडं एसटीच्या तिकिटालाही पैसे नाहीत, तिच्या हातात.

आणखी एक गंमत. ८-९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याजवळ कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण गेले. मग नांदेड. तीन दवाखाने, तीन मालक. भंडारा सार्वजनिक आरोग्य खात्याचं, कळवा ठाणे महापालिकेचं, नांदेड वैद्यकीय शिक्षण खात्याचं. मेलेलं माणूस एकाच जातीचं, म्हणजे गरीब. पण जबाबदारी विचारायला गेलं की हे खातं त्या खात्याकडं बोट दाखवतं. चौकशी समिती बसते. अहवालानंतर खालचा माणूस निलंबित होतो. वरचा दुसऱ्या खात्यात जातो. आपल्या जातव्यवस्थेसारखंच हे. मान वर चढते, घाण खाली उतरते.

नांदेडच्या वेळी सरकारचं म्हणणं काय होतं? रुग्ण शेवटच्या घटकेला आले, लांबून आले, खाजगी दवाखान्यांनी पाठवले, दवाखान्यावर ताण होता. खरंच असेल. पण लांबून का आले? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात त्यांना कोण भेटलं नाही म्हणून? खाजगी दवाखान्यानं त्यांना कधी सोडलं? त्यांचे पैसे संपले तेव्हा. मुंबई उच्च न्यायालयानं या मृत्यूंची आपणहून दखल घेतली, आणि ताण आहे एवढं सांगून सरकारला हात झटकता येणार नाहीत, असं सुनावलं. डिसेंबर २०२४ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आला. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, सगळीकडं मोठ्या प्रमाणात जागा रिकाम्या असल्याचं त्यात नोंदलंय. म्हणजे ताण आभाळातून पडला नव्हता. तो मंत्रालयात तयार झाला.

कायद्याची भाषा बघा. १८९७ मध्ये प्लेगची साथ चालू होती. त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या. त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोग कायदा केला. हुकूम मोडला तर माणसाला शिक्षा. आणि अधिकाऱ्यानं 'सद्‌हेतूनं' काही केलं तर त्याच्यावर दावा चालणार नाही. २०२० मध्ये करोनात हाच कायदा बाहेर काढला गेला. म्हणजे सव्वाशे वर्षांनीही रयतेला दंडुका आणि सरकारला माफी.

मग धोरणं वाचा. भोर समितीनं १९४६ मध्ये सांगितलं, पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. २०१५ च्या आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हा मूलभूत हक्क करावा असं होतं. २०१७ चं पक्कं धोरण आलं तेव्हा तो हक्क गळाला. त्याजागी टप्प्याटप्प्यानं हमी देण्याची भाषा आली. हक्कासाठी माणूस भांडतो, टप्प्याची वाट बघतो. त्याच धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करू असं लिहिलंय. २०२१-२२ च्या हिशेबात, करोनाच्या वर्षात, तो १.८४ टक्के होता. २०२५ येऊन गेलं. त्या ओळीसाठी कुणाच्या हातात झाडू दिला?

बाबासाहेबांच्या संविधानात कलम ४७ आहे. लोकांचं पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य. पांढरपेशे वकील सांगतात, ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात चालत नाही. बाबासाहेबांना ते ठाऊक नव्हतं काय? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी साफ सांगितलं होतं की ही तत्त्वं मोडणाऱ्याला कोर्टात नाही, तरी निवडणुकीत मतदारापुढं जाब द्यावाच लागेल. शिवाय आता कोर्टाचाही दरवाजा उघडलाय. रेल्वेतून पडलेल्या बंगालमधल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सरकारची सबब चालणार नाही. त्याला २५ हजार भरपाई मिळाली. तो खटला शेतमजुरांच्या संघटनेनं लढवला होता, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या चळवळीविषयी. नांदेडच्या दृश्यातला जातीचा अपमान आपल्याला लगेच दिसला. दिसायलाच पाहिजे. पण ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला की आपलं काम संपतं का? डीनच्या अपमानाइतकेच ते १२ पाळणे आपले. आपला कार्यकर्ता पोलीस ठाण्याची पायरी जाणतो, दवाखान्याचं रजिस्टर जाणत नाही. ते शिकावं लागेल. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तालुक्याच्या दवाखान्यात जा आणि लेखी विचारा:

मंजूर पदं किती, रिकामी किती, कधीपासून?
औषधाची मागणी कोणत्या तारखेला गेली, माल कधी आला, किती आला?
बाळांच्या विभागात खाटा किती, बाळं किती, एका पाळीला परिचारिका किती?
सफाईचा ठेका कुणाचा, बाईला हातात पगार किती पडतो, हातमोजे नि बूट मिळतात का?

उत्तरं आली की ती वस्तीच्या बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहा. रिकाम्या पदापुढं डीनचं नाव लिहू नका, खात्याच्या मंत्र्याचं लिहा. पुढच्या वेळी मत मागायला जो कुणी येईल, निळा रुमाल बांधून आला तरी, त्याला आधी त्या फळ्यासमोर उभा करा.