‘कचऱ्याचे बेट’ : एका बातमीची चिकित्सा

जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ११ मार्च २०११ रोजी मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामी लाटांनी गावेच्या गावे धुऊन नेली. १८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या अंदाजानुसार सुमारे ५० लाख टन अवशेष समुद्रात वाहून गेले. त्यांतील ७० टक्के किनाऱ्याजवळच बुडाले. उरलेले १५ लाख टन तरंगत राहिले. पुढे या अवशेषांची जी गोष्ट बातम्यांमधून जगभर पसरली, ती अशी : टेक्सास राज्याएवढे ‘कचऱ्याचे बेट’ अमेरिकेच्या दिशेने सरकत आहे. ही गोष्ट विज्ञानाच्या कसोटीला कितपत उतरते, हे आम्हाला येथे पाहायचे आहे.

प्रथम साधा भागाकार करू. टेक्सासचे क्षेत्रफळ सुमारे ७ लाख चौरस किलोमीटर आहे. १५ लाख टन अवशेष एवढ्या जागेवर पसरले, तर एका चौरस किलोमीटरच्या वाट्याला दोन टनांहून थोडे अधिक येतात. म्हणजे चौरस मीटरला जेमतेम दोन ग्रॅम! अडीचशे एकर रानात दोन बैलगाड्या लाकूडफाटा विखुरला, तर त्याला कोणी डोंगर म्हणेल काय? प्रत्यक्षातही तसेच घडले. सुरुवातीला किनाऱ्याजवळ दिसणारे अवशेषांचे पुंजके महिन्याभरातच उपग्रहांच्या चित्रांत दिसेनासे झाले होते. तरीही २०१३ च्या नोव्हेंबरात हे ‘बेट’ पुन्हा बातम्यांत अवतरले आणि अमेरिकेच्या महासागर व वातावरण प्रशासनाला, म्हणजे ‘नोआ’ला, असा कोणताही सलग ढीग नाही, असा खुलासा करावा लागला. आकडे बातमीतच होते. भागाकार तेवढा कोणी केला नाही.

‘बेट’ या शब्दाचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बेट म्हटले की सगळे एकत्र, एकाच गतीने चालले आहे असे वाटते. वास्तविक प्रत्येक वस्तूची गती निराळी असते. पाण्याखाली बुडालेल्या भागाला प्रवाह ओढतो, तर पाण्यावर राहिलेल्या भागाला वारा ढकलतो. हवाई विद्यापीठातील निकोलाय मॅक्सिमेंको आणि यान हाफनर यांनी समुद्रात सोडलेल्या संशोधन-तरंडांच्या मार्गांवरून या प्रवासाचे प्रतिमान तयार केले. अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठण्यास अवशेषांना सुमारे तीन वर्षे लागतील, असे त्यावरून दिसत होते. पण पोकळ, हलके बोये २०११-१२ च्या हिवाळ्यातच त्या किनाऱ्याला लागले. ‘र्‍योउन मारू’ हे निर्मनुष्य मासेमारी जहाजही वर्षभरात पलीकडे पोहोचले. ५ एप्रिल २०१२ रोजी अमेरिकी तटरक्षक दलाने ते अलास्काच्या आखातात बुडवले. वाऱ्याचा वाटा हिशेबात घेतला की हे कोडे सुटते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एक रिकामी आणि दुसरी पाण्याने जवळजवळ भरलेली ठेवून दोन्हींची बुचे घट्ट लावावीत. वारा असताना त्या तळ्यात सोडाव्यात आणि कोणती आधी पलीकडे जाते, ते विद्यार्थ्यांना पाहू द्यावे.

तिसरा दोष भीतीचा. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांतील गळतीचा ‘पुरावा’ म्हणून प्रशांत महासागराचा एक रंगीत नकाशा पुष्कळ फिरला. तो ‘नोआ’ने काढलेला, त्सुनामी लाटांच्या उंचीचा नकाशा होता! रंगांची सूची न वाचता नकाशा पाहिला की असे होते. शिवाय, बहुतेक अवशेष गळती सुरू होण्याआधीच समुद्रात गेले होते, हा साधा घटनाक्रमही लक्षात घेतला गेला नाही.

या गदारोळात खरी महत्त्वाची गोष्ट मागे पडली. ५ जून २०१२ रोजी ओरेगॉन राज्यातील ॲगेट बीचवर मिसावा बंदरातला सुमारे २० मीटर लांबीचा तरंगता धक्का येऊन लागला. त्यावर जपानी शिंपले, खेकडे, तारामासे आणि शेवाळे जिवंत होती. जेम्स कार्लटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा सहाशेहून अधिक वस्तूंवर २८९ जपानी जातींची नोंद आहे. पूर्वी वाहून जाणारे लाकूड वाटेतच कुजे किंवा त्याला कीड लागे. प्लास्टिक आणि थर्मोकोल वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्यांवरचे जीवही टिकतात. त्सुनामी निसर्गाची, तराफे मात्र आपण पुरवलेले. परक्या किनाऱ्यावर असा एखादा जीव रुजला, तर तिथली जीवसृष्टी बदलू शकते. हा प्रश्न भीतीच्या बातम्यांहून खूप मोठा आहे.

आणि ‘कचरा’ या शब्दाचे काय? रिकुझेनताकाता येथील ताकाता विद्यालयाची ‘कामोमे’ ही छोटी होडी एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील क्रेसेंट सिटीला लागली. तिथल्या शाळेतील मुलांनी ती घासूनपुसून त्याच वर्षी परत पाठवली. वाहून आलेली वस्तू कोणाची तरी होती, हे त्या मुलांनी ओळखले. वजन किती, पसारा किती, ढकलते कोण आणि मुळात ते कोणाचे, हे चार प्रश्न अशा प्रत्येक बातमीला विचारण्याची सवय आपल्या वर्गात लागावी, असे आम्हाला वाटते.